पॉइंटरचा धडा आपल्या भाषेत शिकवा

सी भाषेच्या अभ्यासक्रमात पॉइंटरचे प्रकरण आले की वर्गाचे दोन भाग पडतात. थोडे विद्यार्थी ते समजून घेतात. बाकीचे दोन संख्यांच्या अदलाबदलीचा प्रोग्राम पाठ करतात, जर्नलमध्ये उतरवतात आणि तोंडी परीक्षेपुरते निभावून नेतात. पॉइंटरचा पॉइंटर, म्हणजे दोन तारकांची भानगड, पुष्कळदा ‘महत्त्वाची नाही’ म्हणून सोडूनच दिली जाते. आमच्या मते हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसून उदाहरणाचा आहे. पत्त्यावाचून ज्याचे अडते असे काम त्याच्यापुढे कधी ठेवलेच जात नाही. मजकूर तोडणे आणि तोडलेल्या मजकुराला प्रश्न विचारणे, हे तसे काम आहे. आणि तो मजकूर मराठी किंवा कन्नड असावा, असा आमचा आग्रह आहे.

ज्ञानेश्वरीची रचना डोळ्यांपुढे आणावी. ग्रंथात १८ अध्याय, अध्यायात ओव्या, ओवीत चरण आणि चरणात शब्द. ‘नवव्या अध्यायातील दहाव्या ओवीच्या तिसऱ्या चरणातील दुसरा शब्द कोणता?’ हा प्रश्न कोणालाही समजतो. सी भाषेत शब्द म्हणजे त्याच्या पहिल्या बाइटचा पत्ता: एक तारका. चरण म्हणजे अशा पत्त्यांची रांग. तिच्या आरंभाचा पत्ता दोन तारकांचा. ओवीला तीन, अध्यायाला चार आणि संपूर्ण ग्रंथाला पाच. तारका मोजण्याची दहशत येथे उरत नाही, कारण प्रत्येक तारकेला नाव आहे. प्रश्नाचे उत्तर म्हणजे चार वेळा कंसात क्रमांक घालून आतल्या घरात उतरणे. मात्र आपण एकापासून मोजतो आणि सी शून्यापासून, एवढे भान ठेवावे लागते.

ही कल्पना नवी नव्हे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ही भाषा घडविली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे १९७८ चे प्रसिद्ध पुस्तक पत्त्यांच्या रांगेचा उपयोग समजावताना मजकुराच्या ओळी अकारविल्हे लावूनच दाखविते. त्यात लांब-आखूड ओळी जागच्या हलत नाहीत. हलतात ते फक्त त्यांचे पत्ते. आज्ञेबरोबर टंकलेले शब्द सीच्या प्रोग्रामला मिळतात तेही पत्त्यांच्या रांगेतून, आणि रांग संपल्याची खूण म्हणून शेवटी रिकामा पत्ता ठेवलेला असतो. ही खूण किंवा मोजणी आपणही ठेवली नाही, तर नसलेल्या ओवीबद्दल विचारताच प्रोग्राम कोसळेल, अथवा त्याहून वाईट म्हणजे, खोटे उत्तर देईल. सी भाषा स्वतःहून सीमा तपासत नाही.

मजकूर तोडताना विद्यार्थ्याला आणखी दोन गोष्टी कळतात. शब्द तोडण्याकरिता सीच्या संग्रहात ‘स्ट्रटॉक’ नावाचे फंक्शन आहे. ते शब्दाची प्रत काढीत नाही. मूळ मजकुरातील विभाजक चिन्हावर शून्य लिहून मोकळे होते. म्हणजे मूळ मजकूर बिघडतो. शिवाय आपण कुठवर आलो, हे ते एकाच जागी लक्षात ठेवते. म्हणून बाहेर ओव्या तोडीत असता आत चरण तोडायला त्यालाच बोलावले, की बाहेरचा धागा हरवतो. दुसरी गोष्ट जागेच्या मालकीची. मजकुराची एकच जागा घेतली असेल तर ती एकदाच परत करावयाची. पत्त्यांच्या रांगा मात्र आतून बाहेर या क्रमाने एकेक करून. बाहेरची रांग आधी सोडली, तर आतल्यांचा ठावठिकाणाच उरत नाही. मॅलॉक आणि फ्री यांवरची अनेक व्याख्याने जे साधत नाहीत, ते हे एक प्रॅक्टिकल साधते.

आता मातृभाषेचा प्रश्न. इंग्रजी मजकुरावर शिकलेला विद्यार्थी ‘एक कॅर म्हणजे एक अक्षर’ असे धरून चालतो आणि ते त्याला कधी खटकत नाही. ‘बेळगाव’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरे चार दिसतात. काना-मात्रा वेगळ्या धरून युनिकोडची चिन्हे सहा. आणि केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत बाइट अठरा. देवनागरी असो वा कन्नड, दर चिन्हास तीन बाइट लागतात आणि दोन्हींत पहिला बाइट २२४ हाच असतो.

याचा परिणाम पाहा. ओवीचे चरण तोडण्यासाठी स्ट्रटॉकला दंड हे विभाजक दिले. दंडाचे बाइट २२४, १६५ आणि १६४. स्ट्रटॉक त्यांना एक चिन्ह न मानता तीन वेगवेगळे विभाजक मानते. मग प्रत्येक देवनागरी अक्षराचा पहिला बाइट कापला जातो, पाठोपाठ दुसराही. आणि ‘त’ व ‘थ’ ही अक्षरे तर समूळ नाहीशी होतात, कारण त्यांचे तिन्ही बाइट याच तिघांतले आहेत. प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि ग्रंथाचा चुरा करतो. दंड सलग तीन बाइटांचा एक तुकडा म्हणून शोधला तर मात्र काम चोख होते. ही चूक इंग्रजी उदाहरणांत जन्मभर सापडणार नाही.

कोणी म्हणेल, पायथनमध्ये हे एका ओळीत होते, मग एवढा खटाटोप कशाला? नित्य वापरातला पायथन स्वतः सी भाषेतच लिहिलेला आहे, आणि त्याच्या यादीच्या पोटात पत्त्यांची रांगच आहे. हेही खरे की पाच तारकांचा पॉइंटर नोकरीत कोणी लिहिला तर वरिष्ठ रागावतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. तेथे स्ट्रक्चर वापरून प्रत्येक पायरीस नाव द्यावे. पण तालमीतले जोर-बैठका कोणी रस्त्याने चालताना काढीत नाही, म्हणून तालीम व्यर्थ ठरत नाही.

आमची सूचना साधी आहे. पॉइंटरच्या प्रॅक्टिकलमध्ये अदलाबदलीच्या जोडीला हे एक काम सक्तीचे करावे: आपल्या भाषेतील मजकूर परिच्छेद, वाक्य आणि शब्द असा तोडावा, विचारलेला शब्द काढून द्यावा, आणि घेतलेली सगळी जागा परत करावी. मजकूर शोधायला दूर जाणे नको. या अंकाचा मराठी विभाग आहे, कन्नड विभागही आहे. दोन्ही विभागांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसून हे काम करू शकतील, कारण अडचण दोघांची एकच आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला आपल्या आईच्या भाषेतले एक वाक्य संगणकावर न मोडता तोडता येऊ नये, ही गोष्ट महाविद्यालयाला भूषणावह नाही. आपल्या भाषांचे शब्दकोश, शोधयंत्रे, शुद्धलेखन तपासनीस कोणीतरी लिहिणारच आहे. ते लिहिणाऱ्यांत आपले विद्यार्थी असावेत की नसावेत, याचा निर्णय पुष्कळसा या एका प्रॅक्टिकलच्या तासाला होतो.