पाहुण्याची आवड आणि पाळण्याचा पट्टा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो: यंदा सहल कोठे काढावयाची? पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे असे. गावच्या सणाची जत्रा, सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावरील मोतमाउलीची जत्रा, फार तर एखादा समुद्रकिनारा, एवढ्यात वर्षाची हौस भागत असे. आता पहिली-दुसरीतील मूलही थीम पार्कचे आणि वॉटर पार्कचे नाव घेते. कोणी खोपोलीस जातात. ज्यांचे सोयरेधायरे नोकरीधंद्यानिमित्त सुरतेस आहेत, ते तिकडची वाट धरतात. सुरतेत 'अमेझिया' ह्या नावाने सुरू झालेले मोठे वॉटर पार्क आज 'अ‍ॅक्वामॅजिका' ह्या नावाने चालते.

अशा ठिकाणी जाऊन आलेली मंडळी दोन प्रकारचे गाऱ्हाणे सांगतात. कोणी म्हणतो, "तिथे आपल्यासारख्यांचे काही नाही, खाणे परके, कपडे परके, भाषा परकी." दुसरा म्हणतो, "तिथे फार कडक नियम. आपल्या माणसांना जरा सांभाळून घ्यायला नको काय?" दोन्ही गाऱ्हाणी वरवर सारखीच वाटतात. परंतु त्यांत मोठा भेद आहे, आणि तो भेद प्रत्येक कुटुंबाने ओळखावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

अशा उद्यानांची आजची घडण अमेरिकेतील. वॉल्ट डिस्ने ह्यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. पुढे ती कंपनी परदेशी गेली, आणि प्रत्येक देशात तिला तेथील लोकांकडून काही ना काही शिकावे लागले. जपानात, टोकियोजवळ, १९८३ साली तिने उद्यान उघडले तेव्हा पावसाचा विचार करून प्रवेशाजवळच्या बाजारपेठेवर छप्पर घातले गेले. ती गोष्ट अगोदर सुचली म्हणून निभावले. फ्रान्समध्ये तसे झाले नाही. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळ उद्यान उघडले, तेव्हा अमेरिकेतील रिवाज जशाचा तसा नेण्यात आला. उद्यानात मद्य मिळणार नाही, असा नियम होता. आता फ्रेंच माणसाच्या जेवणात द्राक्षरसाचा पेला हा चैनीचा भाग नव्हे. आपल्या पानात आमटी असते तसा तो असतो. शिवाय अमेरिकन मनुष्य हातात खाऊ घेऊन दिवसभर हिंडत खातो, तर युरोपातील कुटुंबे दुपारी ठरल्या वेळी एकत्र बसून जेवतात. परिणामी ऐन दुपारी सर्व उपाहारगृहांपुढे रांगा लागत. कामगारांच्या वेशाविषयी व केशरचनेविषयी घातलेले निर्बंधही तेथील लोकांना रुचले नाहीत. कंपनीस मोठा तोटा आला. १९९३ साली मद्याचा नियम सैल करण्यात आला, १९९४ साली 'युरो डिस्ने' हे नाव सोडून पॅरिसचे नाव घेण्यात आले, १९९५ साली तिकिटाचा दर उतरविला गेला आणि फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न ह्यांच्या कल्पनेवर आधारलेला चंद्रप्रवासाचा नवा खेळ उभा राहिला. त्याच वर्षी उद्यानाने प्रथम नफा पाहिला.

हाँगकाँगचे उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. तेथे १२ सप्टेंबर २००५ रोजी उद्यान उघडले. बांधणीपूर्वी तेथील वास्तुज्ञांचा सल्ला घेऊन मुख्य प्रवेशाची दिशा बारा अंशांनी वळविण्यात आली. इतकी काळजी घेऊनही एक गोष्ट ध्यानातून निसटली, ती म्हणजे लोकांचे पंचांग. २००६ सालच्या चिनी नववर्षाच्या सुट्टीत चीनमधून इतकी कुटुंबे आली की उद्यानाची दारे बंद करावी लागली, आणि हातात तिकीट असलेले लोक मुलाबाळांसह बाहेर ताटकळले. पाहुण्याचा देव कोणता हे जसे यजमानास ठाऊक असावे, तसा त्याचा सण कोणता हेही ठाऊक असावे लागते.

आपल्याकडे काय झाले? मुंबईजवळ गोराई येथे, कॅथलिक कोळी व शेतकऱ्यांच्या वस्तीच्या शेजारी, १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले. खाडी ओलांडून बोटीने तेथे जाणे हाच मुलांना अर्धा आनंद असे. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आले. एस्सेलवर्ल्डची चक्रे अलीकडे थांबली असली, तरी आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीस ती आठवतात. त्यापुढची पायरी म्हणजे खोपोलीजवळचे इमॅजिका. ते एप्रिल २०१३ मध्ये उघडले. तेथील खेळांची यंत्रे पाश्चात्त्य धर्तीची, परंतु त्यांना चढविलेला साज पुष्कळ ठिकाणी आपला आहे. एका खेळाचे नाव 'मिस्टर इंडिया', १९८७ सालच्या हिंदी चित्रपटावरून घेतलेले. दुसऱ्यात पडद्यासमोर अधांतरी बसून भारतातील स्थळे आकाशातून पाहावयाची. तिसरा पाण्यातील प्रवास राजासॉरसच्या राज्यातून होतो. हा राजासॉरस हॉलिवूडमधील नव्हे, गुजरातचा. बालासिनोरजवळील रैयोली येथे सापडलेल्या अस्थींवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली त्यास 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव दिले. नर्मदेचे नाव धारण करणारा हा प्राणी मुलांनी पाहिला, तर निदान घरी येऊन त्यांनी नकाशा उघडावा अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

एवढे करूनही खोपोलीचे उद्यान कर्जाच्या ओझ्याखाली आले, आणि २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतले. ह्याच समूहाने शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंचा विचार करून साईतीर्थ नावाचे भक्तिपर उद्यान उभारले आहे. भक्तीचा खेळ व्हावा की न व्हावा, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. यात्रेकरू काय मनात घेऊन येतो हे त्यांनी पाहिले, एवढेच सांगावयाचे आहे.

आता सुरतेकडे वळू. ह्या शहराची आवडनिवड समजून घेणे म्हणजे एक शाळाच आहे. 'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' ही गुजराती म्हण आपल्याकडेही पुष्कळांस ठाऊक आहे. लोचो, उंधियू, हिवाळ्यातील पोंक, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला घरोघरी खाल्ली जाणारी घारी, ही ह्या शहराची ओळख. सुरती कुटुंब सुट्टीच्या संध्याकाळी घराबाहेर पडते ते डबे व सतरंजी घेऊन. अशा पाहुण्यापुढे केवळ पाव आणि थंड बाटली ठेवून कोणाचे चालेल? तशात हिऱ्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना कांदा, लसूण व कंदमूळ वर्ज्य. कित्येक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तेव्हा त्यांच्यासाठी भांडी निराळी, चूल निराळी, एवढ्यानेही भागत नाही. संध्याकाळचे ताट दिवस मावळण्यापूर्वी तयार पाहिजे.

पंचांगाचेही तसेच. दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने कित्येक दिवस बंद राहतात, आणि सौराष्ट्रातील कारागीर गावी जातात. जे शहरात राहतात त्यांना तेव्हाच मोकळीक मिळते. नवरात्रात रात्री गरबा असतो. हे सारे न पाहता जो केवळ रविवार मोजील, त्याची हाँगकाँगसारखी फजिती होईल.

वस्त्रांचा प्रश्न नाजूक आहे. साडी किंवा सुती कपडे घालून पाण्यातील घसरगुंडीवर जाऊ देत नाहीत. ह्यात कोणाचा उपमर्द नाही. सुती कापड पाणी शोषून जड होते, ओढणी वा पदर अडकतो, आणि निघालेले धागे पाणी गाळण्याच्या यंत्रात जातात. परंतु आपल्या आया-बहिणींना उघडे पोहण्याचे कपडे घालण्यास सांगणे हा त्यावरील एकच तोडगा नव्हे. म्हणून आपल्याकडील पार्कांत अंगभर, हातपाय झाकणारे नायलॉनचे पोशाख चालतात व भाड्यानेही मिळतात. येथे नियमही राहिला आणि मर्यादाही राहिली. पाहुण्याच्या रीतीस मान देणे म्हणजे काय, ह्याचा हा चांगला नमुना आहे. ज्या आजीबाईंना घसरगुंडी नको, त्यांना लाटांच्या तलावाच्या काठावर गुडघाभर पाण्यात नातवंडांसह बसता येते. सहल सर्वांची होते.

भाषेचा प्रश्न मात्र अजून पुरता उमगलेला दिसत नाही. सुरत हे केवळ गुजराती बोलणाऱ्यांचे शहर नाही. उधना, लिंबायत ह्या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. कापडाच्या कारखान्यांत ओडिशा, आंध्र, उत्तर प्रदेश व बिहार येथील माणसे आहेत. तेथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा भाषांतूनही चालतात. ज्या नगरात मुले इतक्या भाषांत अक्षर गिरवितात, तेथे 'येथे पाणी खोल आहे' ही सूचना केवळ इंग्रजीत लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच. पाटी शोभेसाठी असेल तर कोणत्याही भाषेत चालेल. जीव वाचविण्यासाठी असेल तर ती वाचणाऱ्याच्या भाषेत हवी, आणि शेजारी चित्रही हवे.

येथवर आपण पहिल्या गाऱ्हाण्याचा विचार केला. अन्न, वस्त्र, भाषा, सण, ह्या बाबतींत उद्यानाने पाहुण्यासमोर वाकावे, हेच योग्य. परंतु दुसरे गाऱ्हाणे निराळे आहे. "जरा सांभाळून घ्या" असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण नेमके काय मागत असतो? मूल उंचीच्या पट्टीपेक्षा दोन बोटे कमी भरते, बाप म्हणतो, "एवढ्याने काय होते? सोडा की." पाळण्यात दोघांची जागा असते, आई म्हणते, "तिसरा लहान आहे, मांडीवर बसेल." पट्टा घट्ट होतो म्हणून कोणी तो सैल करावयास लावतो. रांगेत ओळखीचा मनुष्य भेटला तर वेळ संपल्यावरही एक फेरी मारून घेतली जाते. ही सुद्धा पाहुण्याची मागणीच होय, आणि हीही आपल्या समाजाची एक रीतच होऊन बसली आहे. मात्र ह्या रीतीस जो यजमान मान देईल, तो आपला हितकर्ता नव्हे.

गुजरातेतील दोन घटना विसरता येण्यासारख्या नाहीत. १४ जुलै २०१९ रोजी, रविवारी, अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील बालोद्यानात झुलणाऱ्या मोठ्या पाळण्याचा दांडा तुटला. दोघे दगावली, पंचविसांहून अधिक जखमी झाले. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील टीआरपी गेम झोनला आग लागली आणि सत्तावीस जीव गेले. त्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळावयास आलेली मुलेही होती. त्या जागेस अग्निशमन खात्याचा ना हरकत दाखला नव्हता, आणि लोक आत असताना वेल्डिंगचे काम चालू होते. दुसऱ्याच दिवशी गुजरातच्या उच्च न्यायालयाने ह्या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली व तो मानवनिर्मित अनर्थ असल्याचे म्हटले. दाखला मागाहून घेऊ, काम चालू ठेवू, गिऱ्हाईक परत कशाला पाठवा, हे सारे 'सांभाळून घेणे'च होते. कित्येक घरांतील मंडळींनी त्याची किंमत मोजली.

म्हणून वाचकहो, सहलीस निघताना घरात दोन याद्या कराव्यात. पहिलीत आपण काय मागू ते लिहावे: आपल्या पोटास रुचेल असे स्वच्छ अन्न, मर्यादेचा पोशाख, वडीलधाऱ्यांना बसावयास सावली, पिण्याचे पाणी, आपल्या भाषेतील पाटी, आणि गरिबाच्या कुटुंबासही परवडेल असा एखादा दिवसाचा दर. हे मागण्यास संकोच करू नये. शाळेची किंवा धर्मग्रामाची सहल नेणाऱ्यांनी तर आगाऊ पत्र लिहूनच मागावे. मोठ्या संख्येने मागितलेले लवकर मिळते. पॅरिसकरांनी डिस्नेकडून घेतले ते असेच.

दुसऱ्या यादीत आपण काय मागणार नाही ते लिहावे: उंचीची सूट, वयाची सूट, पट्ट्याची सूट, संख्येची सूट. आणि आत शिरताच बाहेर पडण्याची वाट कोठे आहे, ती उघडी आहे काय, हे एकदा पाहून मुलांस दाखवून ठेवावे. गावच्या जत्रेतील आकाशपाळण्यासही हाच नियम लावावा. तो पाळणा आपल्या ओळखीच्या माणसाचा असतो, म्हणून तेथे आपण कधी काही विचारीत नाही. त्याचे खिळे कोणी तपासले, हे जत्रा-समितीने अवश्य विचारावे.

मुलास पट्टीखाली उभे केले, आणि तो दोन बोटे कमी भरला, तर तो रडेल. त्यास कडेवर घेऊन दुसऱ्या खेळाकडे न्यावे. पुढल्या वर्षी तो पट्टीएवढा उंच होईल.