आजीवन तेल आणि इतर थापा

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

हल्ली हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही कँटीनमध्ये बसा, एक वाक्य कानावर पडतंच. "अरे, नव्या स्विफ्टच्या पैशात मर्सिडीज येतेय!" मग मोबाईल टेबलभर फिरतो. काळी नाहीतर पांढरी गाडी, २०१२-१३ चं मॉडेल, रनिंग फक्त पासष्ट हजार, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी. (प्रत्येक जुनी जर्मन गाडी डॉक्टरचीच कशी असते हो? आणि पेशंट कोण तपासतं मग?) बरेचदा पाटी दिल्लीची. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि तिथल्या गाड्या एनओसी घेऊन देशभर निघाल्या. २०२५ मध्ये कोर्टाने थोड्या सवलती दिल्या खऱ्या, पण तोवर अनेक गाड्या आपल्याकडे येऊन एमएच पाटी लावून मोकळ्या झाल्या होत्या. असो.

माझं म्हणणं अशी गाडी घेऊ नका असं अजिबात नाही. आमच्याच घरी चौदा वर्षांची एक जर्मन गाडी आहे आणि ती मला माणसासारखी आवडते. गाडी म्हातारी होते, झिजते, यातही माझी काही तक्रार नाही. रबर आहे, कडक होणारच. माझं भांडण आहे ते झीज लपवण्याशी. कंपनीपासून डीलरपर्यंत आणि पहिल्या मालकापासून तिसऱ्यापर्यंत सगळे मिळून झीज लपवतात, आणि बिल शेवटी ज्याच्या दारात गाडी उभी त्याला येतं. तो "ज्याच्या" म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारखा तिशीच्या अलीकडचा, पहिल्या मोठ्या बोनसवर उडणारा प्राणी.

आधी साधा हिशेब. चाळीस-पंचेचाळीस लाखांची गाडी बारा वर्षांनी नऊ लाखांना मिळते. किंमत उतरली. पण तिचा हेडलॅम्प उतरला का? रेडिएटर, एअरबॅग, गिअरबॉक्स? ते सगळे अजूनही पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच भाग आहेत आणि त्याच भावात मिळतात. नऊ लाखांची गाडी असं काही नसतंच, पंचेचाळीस लाखांची गाडी नऊ लाखांत पार्क केलेली असते, बस.

हे सगळ्यात जास्त कळतं ते विम्यात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर पन्नास टक्के घसारा कापतात. गाडी दहा वर्षांवरची असेल तर धातूच्या भागांवरही पन्नास टक्के. झिरो डेप या वयाच्या गाडीला सहसा कोणी देत नाही. आणि खरी मेख पुढे आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस'. आयडीव्ही सहा लाख धरा, म्हणजे मर्यादा साडेचार लाख. समोरून एक बरी धडक बसली, दोन हेडलॅम्प, बंपर, बॉनेट, रेडिएटर गेले आणि दोन एअरबॅग उघडल्या, की झालं काम. इंजिनला ओरखडा नाही, चेसिस सरळ, तरी कागदोपत्री गाडी मेली! साध्या हॅचबॅकच्या बाबतीत हीच धडक म्हणजे दोन आठवड्यांचं डेंटिंग-पेंटिंग.

आता येऊ थापांकडे.

पहिली थाप, 'लाइफटाइम ऑइल'. बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार अशा कितीतरी गाड्यांत झेडएफ कंपनीचा सहा स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. गाडी बनवणाऱ्यांनी ग्राहकाला सांगितलं, यातलं तेल आजीवन आहे, बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स ज्याने बनवला तो झेडएफ काय म्हणतो? तेल बदला, गाडी कशी चालवता त्यानुसार साधारण लाख किलोमीटरच्या आसपास, नाहीतर आठ वर्षांनी. आता हे 'आजीवन' म्हणजे नक्की कोणाचं जीवन? माझ्या मते पहिल्या मालकाचं. म्हणजे वॉरंटी आणि लीज संपेपर्यंतचं. तेवढ्या काळात सर्व्हिसचा खर्च कागदावर कमी दिसतो आणि सेल्समन खूश. तेल काळं होतं, आत क्लचची झीज मिसळते, मेकॅट्रॉनिक युनिटची सीलं कडक होतात, आणि दुसऱ्याचं तिसऱ्यात जाताना गाडी असा झटका देते की मागच्या सीटवरची आजी विचारते, "कुत्रं आडवं आलं का रे?" तोवर गाडी तिसऱ्याच्या नावावर झालेली असते. बरं, तेल बदलायला गेलं की कळतं, अनेक मॉडेल्समध्ये फिल्टर आणि खालचं प्लास्टिकचं पॅन एकच पीस आहे. आजीवन तेलाला फिल्टर कशाला लागतो, हे विचारू नये. (ह. घ्या.)

दुसरं, बीएमडब्ल्यूचं २००७ पासूनचं एन ४७ डिझेल इंजिन. ३२०डी, ५२०डी वगैरे. टायमिंग चेन झिजते हे समजू शकतो, चेनच ती. पण या इंजिनात ती पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे. म्हणजे चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिनच उतरवायचं. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? जो मॉड्यूल हमखास बदलावा लागणार तोच सगळ्यात आत, दहा डिपेंडन्सींच्या खाली गाडून ठेवायचा. आर्किटेक्टला टाळ्या, मेंटेनन्स टीमला शनिवार-रविवार. हे डिझाइन करणाऱ्याला कधी प्रॉडक्शन सपोर्टला बसवलं नव्हतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

आणि हवेचं सस्पेन्शन. मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये १९९८ च्या मॉडेलपासून एअरमॅटिक आलं. स्प्रिंगऐवजी रबरी फुगे, त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर. नवी असताना गाडी खड्ड्यावरून तरंगते, खोटं कशाला बोला. आठ-दहा वर्षांत रबराला घडीवर बारीक चिरा पडतात. रात्रभर हवा हळूहळू जाते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, गोठ्यातल्या म्हशीसारखी. इंजिन सुरू केलं की मिनिटभरात उठते. इथेच माणूस फसतो. उठतेय ना, मग चालू दे! पण ती उठतेय कारण कॉम्प्रेसर दुप्पट-तिप्पट धावतोय. तो काही सतत चालायला बनवलेला नाही. तो तापतो, त्याची रिंग झिजते, कधी रिले चिकटतो आणि तो थांबतच नाही, शेवटी जळतो. म्हणजे एक फुगा वेळेवर बदलला असता तर संपलं असतं, तिथे आता फुगा, कॉम्प्रेसर, रिले, आणि कदाचित व्हॉल्व्ह ब्लॉकसुद्धा. अशी 'सकाळी थोडी बसते, पण उठते' गाडी विकणारा माणूस तुम्हाला गाडी आधी सुरू करून, गरम करूनच दाखवतो. म्हणून पाहायला जायचं तर न सांगता सकाळी जा आणि बॉनेटवर हात ठेवून बघा, गार आहे का.

बाकी झीज काय, सगळीकडेच. कूलिंगच्या टाकीचं आणि पाइपांचं प्लास्टिक उष्णतेने खाऱ्या बिस्किटासारखं होतं. सनरूफची पाणी जायची नळी पानांनी तुंबते आणि पहिल्याच पावसात पाणी कार्पेटखाली. तिथेच कंट्रोल युनिट ठेवायची कल्पना कोणाची देव जाणे. पुण्याच्या पार्किंगमधल्या उंदरांवर तर वेगळा लेख होईल.

पण ही सगळी झीज प्रामाणिक आहे. लबाडी सुरू होते ती डॅशबोर्डवरच्या दिव्यापाशी.

दिवा लागला. आता दोन गोष्टी करता येतात. बिघाड काढायचा किंवा दिवा घालवायचा. दुसरी स्वस्त पडते. स्कॅनर लावून कोड पुसले की दिवा जातो, परत लागायला थोडे दिवस घेतो, तेवढ्यात गाडी खपते. आपल्याकडे टेस्ट फेल होतेय म्हणून टेस्टच कॉमेंट करणारे महाभाग असतात ना, तसंच. (हे पकडता येतं. पाचशे-हजाराचा ओबीडी ॲडॅप्टर लावून 'रेडीनेस मॉनिटर' बघा. कोड नुकतेच पुसले असतील तर बरेचसे 'अपूर्ण' दिसतात. "बॅटरी बदलली हो काल" हे उत्तर ठरलेलं असतं.) याहून वाईट म्हणजे एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून कंप्युटरला सगळं ठीक आहे असं भासवणं. समोर धडकल्यावर तिथून काय बाहेर येणार आहे? काही नाही. आणि त्या सीटवर दर रविवारी आपली आई बसते.

याचा कळस पाहायचा असेल तर २००२ ची ई क्लास घ्या, डब्ल्यू २११ पिढीची. तिच्यात एसबीसी नावाची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणा होती. पेडल दाबलं की कंप्युटर ठरवणार कुठल्या चाकाला किती ब्रेक. २००४ मध्ये या ब्रेकसाठी जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या, २००६ च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने ती यंत्रणाच काढून टाकली. पण मला रस आहे तो तिच्यातल्या काउंटरमध्ये. पंप झिजतो हे बनवणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून ब्रेक किती वेळा दाबला हे युनिट मोजायचं आणि ठरावीक आकड्यावर इशारा द्यायचं. मला विचाराल तर या अख्ख्या लेखातला हा सगळ्यात सरळ भाग! मशीन स्वतःहून सांगतंय, बाबा रे, मी थकलो, मला बदल. मग बाजाराने काय शोधून काढलं? काउंटर शून्यावर आणणारं टूल. पंप तोच, झीज तीच, फक्त आकडा नवा. ब्रेकचा आकडा, म्युझिक सिस्टिमचा नाही.

आता कोणी म्हणेल, मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा ना. गेलो होतो. पुढच्या चाकांचे लोअर आर्म, बुश आणि लिंक रॉड गेले होते, खड्ड्यात खट खट आवाज. एका अधिकृत सेंटरने (नाव घेत नाही) एक लाख ऐंशी हजारांचं एस्टिमेट दिलं आणि वर काउंटरवरच्या मुलाने आपुलकीने सांगितलं, "सर, एवढं टाकण्यापेक्षा नवीन बघा ना, एक्स्चेंज बोनस चालू आहे." मग बाहेरच्या गॅरेजच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी कंपनीला जो पुरवठादार आर्म पुरवतो त्याच्याच खोक्यातला माल मागवला. तोच पार्ट, त्याच आकड्यांचा, फक्त गाडीच्या कंपनीचा लोगो जिथे असतो ती जागा ग्राइंडरने घासलेली. मजुरी, अलाइनमेंट धरून बासष्ट हजार. उरलेले एक लाख अठरा हजार त्या घासलेल्या लोगोचे.

ही माझ्या एकट्याची रड नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, याच कारणासाठी. अस्सल पार्ट आणि तपासणीची टूल्स बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्यात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू होत्या तशा मारुती आणि टाटाही होत्या. पुढे प्रकरण अपिलात गेलं, जातंच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्येच गाड्यांसाठी कायदा केला होता.

कंपन्यांची बाजूही ऐकली आहे. कोडिंग खुलं केलं तर चोऱ्या वाढतील, कोणीही ब्रेकच्या सॉफ्टवेअरशी खेळेल. चावी आणि इमोबिलायझरपुरतं हे मला पटतं. पण नवी बॅटरी बसवली हे गाडीला सांगायलासुद्धा डायग्नोस्टिक टूल लागावं, यात कुठला चोर पकडला जातो? उलट खरं टूल महाग आणि बंदिस्त ठेवल्यामुळेच तर ती काउंटर पुसणारी चोरटी टूल्स गल्लोगल्ली फिरतात.

"इतका वैताग आहे तर विकून टाक की," असं घरचे सुचवतात. विकीन कधीतरी. म्हणून एक एक्सेल ठेवली आहे, चार वर्षांची. तारीख, किलोमीटर, पार्ट, कुठल्या मेकचा, बिल. आणि शेवटी एक टॅब आहे, 'न केलेली कामं'. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरतं, घाई नाही पण वर्षभरात करा. मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर संपत आलेत. एसी सिग्नलला उभं राहिल्यावर कमी गार होतो, कारण सापडलेलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूची काच वर जाताना हाताने जरा आधार द्यावा लागतो.

मागच्या महिन्यात एक एजंट गाडी बघायला आला होता, त्याला ती प्रिंट दिली. त्याने ती वाचून घडी घालून मला परत केली आणि म्हणाला, "साहेब, हे पान फाडून टाका, लाखभर जास्त मिळतील."

गाडी अजून माझ्याकडेच आहे.