नामंजुरीने हक्क संपत नाही

रुळावर पाय गमावलेला गँगमन किंवा टपाल वाटताना अधू झालेला पोस्टमन ‘दावा नामंजूर’ एवढे वाचून गप्प बसतो. बंधूंनो, प्रशासनाचे तेवढ्यावरच भागते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते : सेवेत अपंगत्व आल्यास कामावरून काढू नये, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. अशक्तता पेन्शन दिल्याने जबाबदारी टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २००३ मध्येच कुणाल सिंह खटल्यात बजावले. म्हणून लेखी, सकारण आदेश मागा. वरिष्ठांकडे मुदतीत अपील करा, पोच जपा. सहा महिने उत्तर नसेल तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तिथे मुदत एक वर्षाची. एकटे झुंजू नका, शाखेत या. ही भीक नव्हे, हक्क आहे!