कुंतीचा रुसवा

काचबिंदूने दृष्टी अधू झाल्यापासून आमच्या आईला रंगांपेक्षा वासांच्या आठवणी अधिक येतात. तिच्या माहेरी विहिरीपाशी कुंती होती. "एवढी एक कुंती लाव रे दाराशी," ती म्हणाली, आणि २०२१ च्या पावसाळ्यात मी इमारतीच्या आवारात, आमच्या गॅलरीखाली, पाच रोपे ओळीने लावली.

रोपे तरारली, कमरेइतकी झाली. दर पंधरवड्याला रविवारी सकाळी मोठी कात्री घेऊन मी त्यांना वहीच्या समासासारखी सरळ कापीत असे. शेजारी कौतुक करीत. फूल मात्र एक नाही! दर पावसाळ्यात आई विचारी, "फुलली का रे?" आणि मी सांगे, "अजून लहान आहे." तिसऱ्या वर्षी असे सांगायची लाज वाटू लागली. रोपे विकणाऱ्याने भलतेच झाड गळ्यात मारले, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. तेवढ्यात, हे बिनफुलांचे कुंपण काढले तर तिथे दोन स्कूटर मावतील, अशी कुजबुज सोसायटीत सुरू झाली.

अखेर आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना चहाला बोलावले. त्यांनी एक पान खुडून चुरगळले आणि माझ्या नाकाशी धरले. लिंबाच्या पानासारखा वास! दुसरे पान उजेडासमोर धरले, तर त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसले. या तेलाच्या ग्रंथी. कुंती लिंबू-संत्र्याच्या कुळातली आणि कढीलिंबाची जवळची नातलग. पण कढीलिंबाच्या एका काडीवर अकरापासून वीस-पंचवीसपर्यंत पर्णिका असतात, कुंतीच्या काडीवर बहुधा तीन ते सात. त्याही गुळगुळीत, चकचकीत, एकाआड एक. कढीलिंबाची फळे पिकून काळी होतात, कुंतीची शेंदरी-लाल. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा; त्यातला 'मुराया' म्हणजे लिनियसचा शिष्य मरे. पाच पाकळ्या म्हणजे पाच पांडव, म्हणून कुंती, ही माझी व्युत्पत्ती मात्र त्यांनी हसून निकालात काढली.

"झाड अस्सल आहे," ते म्हणाले, "माळी चुकला. कुंतीला कळ्या फांदीच्या शेंड्याला येतात, आणि शेंडे तर तुम्ही दर पंधरा दिवसांनी कापता!"

वाचकहो, चूक माझी होती आणि तीन वर्षे मी ती रोपे विकणाऱ्याच्या माथी मारली होती. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो. कुंतीला निदान अर्धा दिवस ऊन हवे आणि मुळाशी पाणी साचता कामा नये. कुंडी चौदा इंचांची तरी घ्यावी. तीत माती, शेणखत आणि थोडी वाळू घालावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. बी लावायचे तर पिकल्या फळाचा गर धुऊन ताजेच लावावे. पण बियांच्या रोपाला फुलायला काही वर्षे लागतात. छाटणी बहर ओसरल्यावर, तीही हलक्या हाताने. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आढळली तर लगेच चिरडू नका; तिचेच पुढे काळे, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेले फुलपाखरू होते. एक इशारा मात्र द्यायला हवा: संत्र्या-मोसंबीची बाग जवळ असेल तर कुंती लावू नये. त्या बागांत रोग पसरवणारी सिला कीड हिच्यावरही वाढते.

मी कात्री माळ्यावर टाकली. कुंपण वेडेवाकडे वाढले, शेजाऱ्यांचे कौतुक थांबले. २०२४ च्या जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले, आणि थोड्याच दिवसांनी एका रात्री गॅलरीतून आईची हाक आली, "अरे, फुलली बघ!" आम्ही डोळसांनी दिवा लावून पाहिले, तेव्हा कुठे आम्हांला पांढरे झुबके दिसले. दोन दिवसांत पाकळ्या गळून जमीन पांढरी झाली. स्कूटरची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

"यंदाच कशी रे फुलली?" आईने विचारले. मी कात्रीची सगळी हकीकत कबूल केली.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे लहान नव्हतीच ती."