फॉरमॅट मारणं हा इलाज नव्हे!

जत असो की पुणे, घरचा कॉम्प्युटर अडला की दुकानदाराचं निदान एकच: "फॉरमॅट मारावा लागेल." अरे, पण का?

साधं उदाहरण घ्या. वेबसाईट उघडत नाहीत आणि तारीख दरवेळी जुनीच दिसते. हा व्हायरस नव्हे, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय! तारीख मागे गेली की ब्राउझरला वाटतं, वेबसाईटचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. लाईट नसताना घड्याळ याच सेलवर चालतं. चहा-वड्याच्या पैशात नवीन मिळतो. फॉरमॅट मारून सेल भरत नाही, डेस्कटॉपवरचे लग्नाचे फोटो मात्र जातात.

आणि पुण्यातले इंजिनिअर चिरंजीव फोनवर काय सांगतात? "बाबा, दुकानात न्या." वा रे डिग्री! त्यापेक्षा बाबांना एक वाक्य शिकवा राव: "आधी कारण सांगा, मग फॉरमॅट!"