किल्ली कोणाकडे आहे?

मे महिना संपत आला की आमच्या गावात घराघरांतून एकच लगबग सुरू होते. कौले चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, कांदे टांगायचे, सुकी मासळी डब्यांत भरायची. पावसाची बेगमी कशी करावी हे कोकणातल्या कोणत्याही आईला शिकवावे लागत नाही. पण आपली शाळा, मदरसा, जमातीचे कार्यालय, मोहल्ल्यातले दुकान यांची बेगमी कोण करते? या महिन्यात त्याविषयी बोलावे असे वाटते. आम्हाला हा धडा एका भिजलेल्या रजिस्टरने शिकवला.

2021 ची बकरी ईद 21 जुलैला, बुधवारी होती. कोरोनाचे दिवस, त्यामुळे नमाज घरीच झाली. शेजारीपाजारी आणि नातेवाइकांकडे हिस्से पोचवून लोक झोपले. पाऊस मात्र थांबला नाही. गुरुवारी पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शिरले. घाटात मुसळधार पाऊस आणि खाडीला भरती, त्यामुळे पाण्याला जायला वाट नव्हती. तळमजले बुडाले, वीज गेली, मोबाइल मुके झाले, कोकण रेल्वे थांबली. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली.

आमची शाळा तिथून खाली, खाडीकाठी. पहाटे पाचला पाणी शाळेच्या पहिल्या पायरीला लागले तेव्हा मोहल्ल्यातली चार धट्टीकट्टी पोरे फाटकाशी उभी होती. ऑफिसातले कपाट माडीवर न्यायला त्यांना पंधरा मिनिटे पुरली असती. पण दाराला कुलूप होते. किल्ली शिपाईमामांकडे आणि मामांचे घर ओढ्यापलीकडे. दुसरी किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, म्हणजे कुलूपबंद शाळेच्या आत! कुलूप तोडावे तर परवानगी कोणाची? फोन कोणालाच लागत नव्हता. पोरे तासभर थांबली, मग स्वतःच्या घराकडे धावली. त्यांचे काय चुकले?

तिसऱ्या दिवशी दार उघडले. बाके वाळली, भिंती धुतल्या. पण जनरल रजिस्टर जाड आणि जड म्हणून कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवलेले होते. शाई पसरली होती, पाने एकमेकांना चिकटली होती. आम्ही पानांमध्ये वर्तमानपत्रे घालून ती पंख्याखाली वाळवली. काही वर्षांच्या नोंदी वाचल्या, काही गेल्या.

त्याचा अर्थ आम्हाला चार महिन्यांनी कळला. आमचा एक जुना विद्यार्थी आला. आठवीत शाळा सोडून तो गॅरेजवर कामाला लागला होता. आता मामाने मस्कतला काम पाहिले होते आणि पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. दहावी केली नाही, म्हणून बोर्डाचे प्रमाणपत्र नाही. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद झालेली नव्हती. शाळा सोडल्याचा दाखला घरातल्या पेटीसह पुरात गेला. दुसरी प्रत आम्ही द्यायची, तर त्याच्याच वर्षाचे पान लगदा झालेले.

"सर, रजिस्टर भिजलं म्हणजे मी जन्मलोच नाही का?" त्याने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे प्रतिज्ञापत्रे, तहसील कार्यालयाच्या चकरा, जुने हजेरीपट शोधणे यात महिने गेले. कागद झाला, पण तोवर ते काम दुसऱ्याला मिळाले होते. आईबापांनी मुलाचे नाव आणि जन्मतारीख आमच्याकडे अमानत म्हणून ठेवली होती. ती आम्ही खालच्या कप्प्यात ठेवली.

मोठ्या कंपन्या आणि बँका अशा प्रसंगासाठी 'बिझनेस कंटिन्युटी प्लॅन' तयार ठेवतात. नाव भारी असले तरी गोष्ट साधी आहे. संकटात दोन कामे असतात. पहिले जीव वाचवण्याचे. दुसरे, पाणी ओसरल्यावर आपले रोजचे काम लवकरात लवकर पुन्हा उभे करण्याचे. पहिल्याचा विचार आपण थोडाफार करतो, दुसऱ्याचा मुळीच करत नाही. त्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपले कोणते काम बंद पडले तर कोणाचे अडेल आणि किती दिवसांत अडेल? शाळेचे उत्तर रजिस्टर. दुकानदाराचे उत्तर उधारीची वही, विम्याचे कागद आणि मालाची यादी. जमातीचे उत्तर निकाहचे रजिस्टर, मशिदीच्या आणि कब्रस्तानाच्या जागेचे कागद. ते निकाह रजिस्टर गेले तर उद्या एखाद्या बेवा बहिणीला आपण कोणाची पत्नी होतो हे सिद्ध करत फिरावे लागेल.

सरकारचा आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि जिल्ह्याचा आराखडाही असतो. बोटी, पथके, निवारा यांचा विचार त्यात होतो. पण तुमच्या शाळेची किल्ली कोणाकडे आहे हे त्या आराखड्यात कसे असणार? ते आपणच ठरवायचे.

आम्ही शिक्षक, पालक आणि जमातीचे दोन-तीन जाणते लोक एका रविवारी बसलो आणि एका कागदावर मावेल एवढेच लिहिले.

पहिले, निर्णय कोणाचा. तीन नावे क्रमाने लिहिली. पहिला भेटला नाही तर दुसऱ्याने ठरवायचे, दुसरा नसेल तर तिसऱ्याने. कुलूप तोडायची परवानगीही त्यातच लिहून ठेवली.

दुसरे, किल्ल्या. तीन जोड, तीन घरांत. त्यातले एक घर चढावर, जिथे पाणी पोचत नाही.

तिसरे, निरोप. मोबाइल बंद पडणार हे धरूनच चालायचे. मशिदीच्या लाउडस्पीकरला बॅटरी जोडून घेतली. प्रत्येक वाडीसाठी निरोप्या म्हणून दोन तरुण ठरवले. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिवस भरत आलेल्या बाया, डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची घरे त्यांना दाखवून ठेवली. पाणी चढू लागले की आधी या घरांकडे जायचे. 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक भिंतीवर रंगवले.

चौथे, आधी काय उचलायचे. सगळेच वाचवायला गेले की काहीच वाचत नाही. माणसे सुरक्षित असतील तरच वस्तूंना हात लावायचा. जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, निकाहचे रजिस्टर आणि संगणकाचा डबा एवढ्यांनाच लाल पट्टी चिकटवली. ही कपाटे आता माडीवर असतात. रजिस्टरांच्या पानापानाचे फोटो काढून त्यांच्या प्रती दुसऱ्या गावात ठेवल्या.

पाचवे, दुसऱ्या दिवशी कुठे भरायचे. चढावरच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेच्या बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, "दुपारचे दोन वर्ग तुमचेच समजा, सर." आमच्याकडे त्यांच्या मुलांसाठी काय देता येईल ते आम्हीही लिहून दिले. हे बोलणे पूर आल्यावर झाले असते तर आठवडा गेला असता.

एवढे करून आम्ही खूश होतो. मग एके दिवशी रंगीत तालीम घेतली आणि फजिती झाली. यादीतल्या एका शिक्षकांची बदली होऊन वर्ष झाले होते. लाउडस्पीकरची बॅटरी उतरलेली होती. एक किल्ली नव्या कुलपाला लागेना. तेव्हापासून दरवर्षी 1 जूनला कागद नव्याने वाचायचा आणि पोरांसह तालीम घ्यायची असा नेम ठेवला आहे.

तालमीने काय साधते हे ओडिशाने देशाला दाखवले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, इशारा शेवटच्या घरापर्यंत कसा पोचवायचा ते ठरवले. 2013 मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. त्या निवाऱ्यांपैकी कितीतरी इमारतींत एरवी शाळा भरते. त्यामुळे त्या उघड्या असतात, वापरात असतात आणि किल्ली कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक असते.

घरासाठीही तेच. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, निकाहनामा, मुलांचे दाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवा. सोबत टॉर्च, चार दिवसांची औषधे, थोडी रोख रक्कम आणि एका कागदावर हाताने लिहिलेले फोन नंबर असू द्या. कागदपत्रांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, पुरात मोबाइलही बुडतो. एक प्रत मुंबईतल्या किंवा कुवेतमधल्या भावाकडे पाठवून ठेवा. ज्यांना जमेल त्यांनी डिजिलॉकरही वापरावे.

आमच्या बैठकीत एक बुजुर्ग चाचा होते. ते म्हणाले, "सर, जे नशिबात लिहिलंय ते चुकतं का? कशाला इतका इंतजाम?" आम्ही त्यांना हजरत यूसुफ यांचा किस्सा आठवून दिला. पुढे दुष्काळाची सात वर्षे येणार हे कळल्यावर त्यांनी सुकाळातच धान्य साठवायला सांगितले, तेही कणसांतून न काढता, म्हणजे ते टिकावे. अल्लाहच्या पैगंबरांनी बेगमी केली, मग आपण का करू नये? चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चढावरचं घर माझंच आहे. एक किल्ली माझ्याकडे द्या."

वाचकहो, पाऊस दाराशी आला आहे. या शुक्रवारी नमाजनंतर, किंवा शाळेच्या पुढच्या पालकसभेत, दोन प्रश्न नक्की विचारा. आपली रजिस्टरे कोणत्या कप्प्यात आहेत? आणि किल्ली कोणाकडे आहे? उत्तर द्यायला लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर तिथेच बसून कागद लिहायला घ्या. अर्धा तास पुरतो. आमच्या त्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ यंदा आमच्याकडे पाचवीत आला आहे. त्याची नोंद आम्ही माडीवरच्या रजिस्टरात केली आणि तिचा फोटो त्याच दिवशी दुसऱ्या गावी पाठवला.