गोठ्याला कुलूप, गटार मोकळे!

3 ऑगस्ट 2007 रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळच्या नॉर्मंडी गावातल्या गुरांना लाळ-खुरकूत झाल्याचे जाहीर झाले आणि साऱ्या ब्रिटनमधली गुरे जागच्या जागी थांबली. बाजार बंद, वाहतूक बंद, परवान्याशिवाय जनावर हलवणे गुन्हा. बाधित गोठ्यांतली गुरे मारली गेली. शेतकऱ्याने हा सगळा कायदा पाळला. 2001 च्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेलेली त्याने पाहिली होती. त्याला कोणी धाक दाखवण्याची गरजच नव्हती.

पण रोग आला कुठून? विषाणूची जात तपासली तेव्हा उत्तर मिळाले. 1967 साली ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक जनावरांचा बळी घेणाऱ्या साथीच्या काळातली ती जुनी जात होती. अलीकडे कुठल्याही गोठ्यात ती आढळली नव्हती. ती जिवंत होती प्रयोगशाळांच्या कुप्यांत आणि लस कारखान्यांच्या टाक्यांत. अशी एक जागा नॉर्मंडीपासून अवघ्या काही किलोमीटरवर होती. तिचे नाव पिरब्राइट.

पिरब्राइटच्या एकाच आवारात सरकारी पैशावर चालणारी पशुआरोग्य संशोधन संस्था होती आणि मेरियल या कंपनीचा लस कारखानाही होता. दोन बिऱ्हाडे आणि मोरी एक! जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको. सामायिक मोरी तुंबली की ती कोणी उपसायची यावर महिनोन् महिने वाद चालतो आणि घाण सगळ्यांच्या दारात येते. इथे त्या मोरीतून लाळ-खुरकुताचा जिवंत विषाणू वाहत होता. सांडपाण्याचे पाइप फुटलेले, मॅनहोलची झाकणे सैल, सांध्यांत झाडांची मुळे शिरलेली. त्या जुलैत धो धो पाऊस पडला. आवारात बांधकाम सुरू होते, ट्रक ये-जा करत होते. त्यांच्या चाकांना लागलेला चिखल बाहेरच्या रस्त्यावर गेला आणि रस्त्याला लागून शेत होते. चौकशी करणाऱ्यांना हाच मार्ग सर्वांत संभवनीय वाटला.

हे गटार बदलायला हवे, हे 2003 पासून ठाऊक होते. पैसे कोणी भरायचे यावर घोळ चालू राहिला आणि त्या घोळाची किंमत पशुपालकांनी मोजली. त्यांचे नुकसान दहा कोटी पौंडांहून अधिक झाले. सरकारी तिजोरीतून चार कोटी सत्तर लाख पौंड गेले.

कायदा नव्हता असे कोणी म्हणू नये. 1998 पासून ब्रिटनमध्ये आदेशच होता की ठरावीक पशुरोगजंतू परवान्याशिवाय जवळ बाळगणे आणि हाताळणे गुन्हा आहे. पण परवाना देत होते ब्रिटनचे पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार खाते, तपासणी करत होते तेच खाते, आणि पिरब्राइटच्या संशोधन संस्थेकडून रोगनिदानाचे काम करून घेणारा मोठा ग्राहकही तेच खाते! परवाना देणारा, तपासणारा आणि गिऱ्हाईक हे तिघे एकाच खुर्चीत बसले तर गटाराचे झाकण उचलून पाहायला वाकणार कोण? सर बिल कॅलहॅन यांच्या समितीने 2007 मध्येच या व्यवस्थेवर बोट ठेवले आणि मग तपासणीचे काम स्वतंत्र आरोग्य-सुरक्षा यंत्रणेकडे गेले. आठ ठिकाणी गुरे बाधित झाल्यावर हे शहाणपण सुचले! आणि शिक्षा? कुणालाही नाही. खटला भरण्याइतका पुरावा नाही, असे सरेच्या स्थानिक प्रशासनाने ठरवले. सामायिक मोरीचा हाच फायदा असतो. दोष सगळ्यांचा असला की तो कुणाच्याच नावावर चढत नाही.

चीनमध्ये तर माणसांनाच रोग जडला. 2019 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लान्झोऊ शहरातल्या लस कारखान्याने मुदत उलटलेले जंतुनाशक वापरले. ब्रुसेलाचे जिवंत जंतू कारखान्याच्या हवेबरोबर बाहेर पडले आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या वस्तीत दहा हजारांहून अधिक लोकांना लागण झाली. आमच्याकडे गाय गाभडली की गोठ्यात ज्या रोगाची धास्ती बसते, तोच हा रोग.

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे ज्याला वाटेल त्याने स्वतःच्या गोठ्याकडे पाहावे. 2019 मध्ये केंद्र सरकारने लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध 13,343 कोटी रुपयांचा लसीकरण कार्यक्रम सुरू केला. तो हवाच होता. आमचा त्याला संपूर्ण पाठिंबा आहे. पण लाळ-खुरकुताची लस करायची तर आधी जिवंत विषाणू प्रचंड प्रमाणात वाढवावा लागतो आणि मग तो मारावा लागतो. जितकी लस जास्त, तितका जिवंत विषाणू जास्त, तितक्याच भक्कम भिंती आणि गटारे हवीत.

जनावरांच्या साथरोगांबाबतचा आपला कायदा 2009 चा. रोगाची खबर द्या, आजारी जनावर वेगळे बांधा, नियंत्रित क्षेत्राबाहेर नेऊ नका, हे तो पशुपालकाला बजावतो. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद झाले आणि ऐन गरजेच्या वेळी बैल विकता न आलेला शेतकरी मुकाट्याने घरी बसला. त्याच कायद्यात, लस बनवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने रोगजंतू निसटू देऊ नयेत, अशीही जबाबदारी लिहिली आहे. तिची अंमलबजावणी राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांकडे. आणि पुण्यात औंधला घटसर्प, फऱ्या यांसारख्या रोगांच्या लसी तयार करणारी संस्था कोणाची? पशुसंवर्धन खात्याचीच! तिथे राबणाऱ्या पशुवैद्यकांवर आमचा काडीचाही आरोप नाही. त्यांच्या लसीवर आमची गुरे जगली आहेत. आमचा संताप व्यवस्थेवर आहे. हितसंबंध गुंतलेल्या खात्यानेच तपासायचे ही रचना पिरब्राइटला बुडाली. ती इथे तरेल असे मानायला आम्ही तयार नाही.

बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपली. गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडणारी ती बुळकांडी! तरीही तिचा विषाणू प्रयोगशाळांत शिल्लक राहिला आणि पिरब्राइटने आपला साठा 2019 मध्ये नष्ट केला. मेलेल्या रोगाचाही ठाव ठेवावा लागतो, तर जिवंत रोगांची नोंदवही किती चोख हवी!

म्हणून आमची मागणी रोकठोक आहे. रोगजंतू कुठे, किती आणि कोणाच्या ताब्यात आहेत, याची सरकारी नोंद दरवर्षी नव्याने झाली पाहिजे. तपासनीस पशुसंवर्धन खात्याबाहेरचा हवा आणि त्याला कुलूप उघडायला लावायचा व काम बंद पाडायचा अधिकार हवा. सांडपाणी, हवा आणि कचरा यांच्या तपासणीचा अहवाल मराठीत छापून आवाराभोवतालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि वॉर्डाच्या फलकावर लागला पाहिजे. सामायिक गटाराची जबाबदारी एका नावावर, एका सहीवर लिहिली पाहिजे. राज्याच्या पशुसंवर्धनमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात उभे राहून सांगावे की औंधच्या सांडपाण्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, आणि तो अधिकारी कोणत्या खात्याचा होता.